डब्यावरची वैदीण

“कवड्या? त्या मीच घातल्या तिला,” हेरवाडकर पेंटर म्हणाले. “आमच्या आत्याची माळ होती. खुंटीवर लटकत होती. काढली आणि घातली तिच्या गळ्यात.”

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. कोल्हापुरातल्या त्यांच्या माडीवर रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास भरलेला होता. ज्या प्रश्नामागे मी कित्येक वर्षं पायपीट करत होते, त्याचं उत्तर समोरच्या म्हाताऱ्याने बशीतली खारी पुढे सरकवता सरकवता देऊन टाकलं होतं.

“पण का घातल्या?”

“मिरजेच्या तेलवाल्या शेठनी पहिलं चित्र परत पाठवलं ना. म्हणाले, हेरवाडकर, ही बाई आमच्या गल्लीतली वाटते. औषध डोंगरातलं आणि बाई गल्लीतली, कोण घेणार आपला डबा? आता डोंगरातली बाई मी आणू कुठनं? ही होती वैदूंचीच, पण मिरजेच्या बाजारात सुया आणि मणी विकायला बसायची. चांगली स्वच्छ, वेणीफणी केलेली. तिला डोंगरातली करायची म्हणजे काहीतरी चढवायला पाहिजे. आत्या आमची देवीची आराधी, तिची माळ दिसली. एक पदर गळ्यात घातला, एक कपाळावर बांधला.”

“ती काही बोलली नाही?”

“बोलली की. हे देवीचं हाय, आमच्यात घालत न्हाईत, म्हणाली. म्हटलं, चित्रापुरतं घाल बाई.” मग ते जरा पुढे वाकले. “हे पुस्तकात घालणार काय तुम्ही?”

“घालणारच.”

“घाला. पण माझं नाव ठळक पाहिजे. डब्यावर शेठनी येऊ दिलं नाही.”

ह्याला आता पंधरा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि उरलेल्या वेळात जुने डबे, लेबलं, कॅलेंडरं जमवत होते. ज्यांना कुणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं अशा लोकांची चित्रं डब्यांवर छापून कंपन्यांनी माल कसा खपवला आणि त्या विक्रीने त्या लोकांचं काय केलं, हा माझा विषय. आई म्हणायची, लोकांच्या घरी डब्यांत काहीतरी असतं, आमच्याकडे नुसतेच डबे. तिला मी काय सांगणार? मी मुळातच भोचक. लहानपणी शेजाऱ्यांकडे डोकावल्याबद्दल मार खाल्ला, मोठेपणी त्याच गुणावर डॉक्टरेट मिळवली.

त्या सगळ्या डब्यांत माझा लाडका डबा ‘डोंगरमाय’ तेलाचा. सांधेदुखीवरचं तेल, पिवळा डबा आणि त्यावर एक तरुण वैदीण. वैदू म्हणजे झाडपाल्याची औषधं घेऊन गावोगाव फिरणारे लोक. ह्या वैदिणीच्या गळ्यात कवड्या, कपाळावर कवड्या, आणि नजर अशी रोखलेली की बघणाऱ्याने आधी पैसे काढावेत आणि मग किंमत विचारावी. मला खुपत होत्या त्या कवड्या. कवड्यांची माळ घालतात ते देवीचे भक्त. वैदूंचा त्यांच्याशी संबंध काय? पण सोलापूर, सांगली, नगरकडे मला भेटलेल्या वैदू बायका बाजारात कवड्या घालूनच बसलेल्या होत्या, आणि विचारलं की एकच उत्तर मिळायचं. “आमच्यात पैल्यापासून हाय.”

आणि हे पैल्यापासूनचं एका पेंटरच्या खुंटीवरून निघालं होतं. मी माडीचा जिना अक्षरशः उड्या मारत उतरले.

निघताना एक विचारायचं राहिलं होतं म्हणून खालूनच ओरडून विचारलं, “काका, तिचं नाव काय होतं?”

वरून उत्तर आलं, “यल्लव्वा.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला सांगोल्याजवळच्या एका वस्तीवरून फोन आला. माझा डब्यांवरचा एक लेख पेपरात आला होता, तो वाचून. “म्याडम, मी रेणुका. आमचा वैदू बायकांचा बचतगट हाय. आमच्यावर एक संकट आलंय आणि ते तुमच्या विषयातलं हाय.”

संकट माझ्या विषयातलं आहे हे ऐकून मला जो आनंद झाला तो लपवायला मी जरा खोकले.

वस्ती माळावर होती. पत्र्याच्या एका शेडमध्ये बायका बाटल्यांत तेल भरत होत्या. रेणुका तिशीची, बारावी झालेली, बोलताना पदर खोचून उभी राहणारी. तिने एक बाटली माझ्या हातात दिली. लेबलावर वैदीण होती. कवड्या, कपाळपट्टी, रोखलेली नजर. कुणीतरी डोंगरमायचा जुना डबा समोर ठेवून ते चित्र काढलं होतं हे आंधळ्यालाही कळलं असतं.

“कंपनीच्या वकिलानं नोटीस धाडलीय,” रेणुका म्हणाली. “म्हणतात, हे चित्र आमचं हाय, बाटल्या मागं घ्या. आता बघा म्याडम, वैदू आम्ही, तेल आमच्या सासूच्या हातचं, कवड्या आमच्या, आणि चित्र त्यांचं? दिवाळीत पुण्याच्या प्रदर्शनात आम्हाला स्टॉल मिळालाय. तो गेला की गट मोडला. गट मोडला की पुन्हा पालं उचलून गावं फिरायची. माझी पोरगी सातवीत हाय. आमच्यातली पैली पोरगी हाय, जी एकाच शाळेत टिकली.”

“मग मी काय करायचं?”

“सोलापुरात त्यांच्या वकिलाकडं बैठक हाय. तिथं येऊन एवढंच सांगायचं, की कवड्या आमच्या. पैल्यापासून. तुम्ही इतिहासाच्या, तुमचं ऐकतील.”

मी बाटली उगाच फिरवून फिरवून बघत राहिले. आदल्या महिन्यात मी जिन्यावरून ज्याच्यासाठी उड्या मारल्या होत्या, ते आता हिला कसं सांगायचं?

“रेणुका, कवड्या घालायची पद्धत तुमच्याकडे कुणी सुरू केली, काही माहीत आहे?”

“सुरू कोण करणार? पिढ्यान्‌पिढ्या हाय. माझ्या लग्नात सासूबाईंनी स्वतःच्या हातानं बांधल्या. कवड्यांशिवाय आमच्यात नवरी उभी ऱ्हात न्हाई. विचारा की त्यांनाच. ओ सासूबाई.”

शेडच्या दारात एक म्हातारी बिबे निवडत बसली होती. सत्तरीची असावी. तिने मान वर केली आणि मला ती नजर लगेच ओळखू आली. माझ्या कपाटात ती नजर कित्येक वर्षं होती.

“तुमचं नाव यल्लव्वा का हो?” मी विचारलं. “मिरजेच्या बाजारात बसायचात?”

“तुला कुनी सांगितलं?”

“हेरवाडकर पेंटरांनी.”

म्हातारीच्या हातातला बिबा सुपात पडला. मग ती हसायला लागली. तोंडात मोजकेच दात, ते मिश्रीने काळे झालेले, आणि हसताना ती पुढे-मागे डुलत होती. “मुडदा जित्ता हाय अजून? त्येच्या मिशीला हिरवा रंग लागल्याला असायचा सदा. मी बघायची आन् मला हसू यायचं. त्यो म्हनायचा, हलू नगं. हलू नगं म्हटलं की आनीकच हसू.”

रेणुका माझ्याकडे आणि सासूकडे आळीपाळीने बघत होती. “कोण पेंटर?”

यल्लव्वाने सगळं सांगून टाकलं. लपवायचं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं एवढंच. पेंटरने बाजारातून बोलावलं, एक लुगडं देऊ केलं. दुपारभर बसवलं. कवड्या त्याच्या. चित्र झालं तरी माळ त्याने परत घेतली नाही, कारण आत्या म्हणाली, दुसरीच्या अंगाला लागलेली माळ मी देवापुढे घालायची नाही. मग ही ती गळ्यात घालूनच घरी आली.

“आन् वरीसभरानं डबा आला,” यल्लव्वा म्हणाली. “बाजारात मानसं डबा घेऊन यायची आन् माज्या तोंडाशी धरून बघायची. कवड्या घातल्या आसंल तर घ्यायची, न्हाईतर म्हनायची, ही नकली वैदीन हाय. मग माज्या जावेनं घातल्या. मग तिच्या भनीनं. समद्या बाजारात कवड्याच कवड्या. मंग लगीन निघालं की पोरीला त्याच घालायच्या, दुसरं सोनंनानं हुतं कुटं?”

रेणुका खाली बसली. शेडमधल्या बाकीच्या बायकांनी हातातलं काम थांबवलं होतं.

“म्हणजे माझ्या लग्नातल्या कवड्या एका पेंटरच्या?” ती म्हणाली.

“पेंटरच्या आत्याच्या,” यल्लव्वाने दुरुस्ती केली.

मी वही काढली होती. खरं तर तिथे वही काढणं शोभत नव्हतं, पण हात थांबेना. “आजी, तुम्ही म्हणालात तुम्हाला सारखं हसू यायचं. चित्रात तर तुम्ही अजिबात हसत नाही.”

“शेट आला ना बगायला. मी हसत हुती. त्यो पेंटरला म्हनला, हिला गप कर. हसली तर दंतमंजनाचा डबा वाटंल. वैदीन हसत नसती. मंग मी हसू गिळलं.” बिब्याचं सूप तिने बाजूला ठेवलं. “बाजारात पन तेच. हसलं की गिऱ्हाईक म्हनायचं, ही नव्हं ती. डब्यावानी बगितलं की पुडी खपायची. पोरींना बी तेच शिकवलं. बाजारात दात काडायचे न्हाईत.”

“तुम्ही मला पहिल्या बाजारात चिमटा काढला होता,” रेणुका हळू म्हणाली. “दंडाला. मी एका गिऱ्हाइकाशी हसून बोलले म्हणून. किती दिवस काळानिळा होता.”

“व्हय. धंदा शिकवत हुते तुला.”

भटक्या समाजांवरच्या एका जाडजूड पुस्तकात मी वाचलं होतं, की वैदू स्त्रियांच्या चेहऱ्यावर रानावनातल्या आयुष्याने आलेलं उपजत गांभीर्य असतं. वाक्य छान होतं. मी त्याखाली रेघही मारली होती. आता समोर बसलेली बाई सांगत होती, की ते गांभीर्य मिरजेच्या एका शेठचं होतं आणि दंतमंजनाच्या भीतीने आलेलं होतं. मला एकाच वेळी हसावंसं वाटत होतं आणि हसू येत नव्हतं.

रेणुका मला माळावरून रस्त्यापर्यंत सोडायला आली.  मग म्हणाली, “म्याडम, हे तिथं सांगू नका.”

“पेंटर जिवंत आहे रेणुका. उद्या कंपनीवाले त्याच्याकडे गेले तर तो त्यांनाही हेच सांगेल. खारी खायला घालून सांगेल.”

“ते जाणार न्हाईत. त्यांना ठाऊकच न्हाई.” ती थांबली. “कंपनीनं तुम्हाला काही देऊ केलंय का?”

मला राग आला, आणि राग आला कारण तिने बरोबर नेम धरला होता. कंपनीच्या मार्केटिंगचे करंबेळकर म्हणून कुणी होते, त्यांचा आदल्याच आठवड्यात फोन येऊन गेला होता. त्यांच्या जुन्या गोदामात पन्नास सालापासूनची कॅलेंडरं पडून होती आणि ती मला खुशाल बघता येणार होती.

“जुनी कॅलेंडरं बघायला देतो म्हणालेत,” मी म्हटलं. “फक्त बघायला.”

“आणि आम्ही काय द्यायचं तुम्हाला?”

“काही नको.”

“मग आमच्यासाठी खोटं कशाला बोलाल,” ती म्हणाली. एस.टी. आली, मी चढले. ती माझ्याकडे बघत नव्हती.

सोलापूरच्या बैठकीला मी गेले ती काय बोलायचं हे न ठरवता. वकिलाच्या ऑफिसात पंखा मोठा आणि वारा कमी असा प्रकार होता. करंबेळकर चाळिशीतले, खादीचा कुडता, गोड बोलणारे. मुंबईच्या लोकांनी ती जुनी कंपनी विकत घेतली होती आणि डोंगरमाय आता महागड्या काचेच्या बाटलीत मिळत होतं. रेणुका यल्लव्वाला घेऊन आली होती. म्हातारीने जरीचं लुगडं नेसलं होतं आणि कवड्या घातल्या होत्या. करंबेळकर तिच्याकडे बघतच राहिले.

“काय सुंदर,” ते म्हणाले. “हेच. ह्याच वारशाचा आम्ही सन्मान करतो आहोत.”

वकिलांनी मला बोलायला सांगितलं. मी वही उघडली आणि नुसती पानं उलटत राहिले. रेणुकाने मान खाली घातली होती. तेव्हा यल्लव्वाच माझ्या गुडघ्याला कोपर लावून म्हणाली, “सांग की पोरी. त्या मुडद्यानं घातल्या म्हनून सांग. मी बसले हुते, मला ठावं हाय. खोटं बोलून चित्र आपलं हुतंय व्हय?”

मग मी सांगितलं. हेरवाडकर, आत्या, खुंटी, शेठ, सगळं. करंबेळकरांचा चेहरा फुलत गेला. त्यांना इतकं काही मिळेल अशी आशाही नव्हती.

“म्हणजे कवड्या आमच्या,” ते म्हणाले.

रेणुका उठली. “मग माझ्या लग्नातल्या? त्याही तुमच्याच का?”

“अहो, नाही नाही. वैयक्तिक वापराला कोण ना म्हणतंय? लग्नात अगदी हौसेनं घाला. फक्त बाटलीवर नकोत.”

हे ते इतक्या भल्या मनाने म्हणाले, की मला त्यांच्यावर रागावताही येईना. वकील मात्र टेबलावरच्या कागदांत काहीतरी शोधू लागले.

“कवड्या ठेवा तुमच्या,” यल्लव्वा म्हणाली. “ह्ये तोंड? ह्ये तर माजं हाय.”

“तोंड तुमचंच, आजी. पण ती जी मुद्रा आहे ना, गंभीर, रोखून बघणारी, ती आमची ओळख आहे. कवड्या आणि ती मुद्रा. एवढंच आमचं म्हणणं आहे.”

“मुद्रा म्हंजे?”

रेणुकाने त्यांच्या भाषेत तिला काहीतरी सांगितलं. घरात ते तेलुगूसारखं बोलतात, मला समजलं नाही. यल्लव्वाने ते ऐकलं, करंबेळकरांच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा रेणुकाकडे बघितलं, आणि तिला हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग सगळं अंग. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने पदर तोंडाशी नेला आणि परत काढला. “रुसून बसल्यालं त्वांड बी शेटचं,” ती कशीबशी म्हणाली. “मंग ह्ये कुनाचं? ह्ये?”

करंबेळकरांनी वकिलांकडे बघितलं. वकील म्हणाले, “हसतानाचं आपल्याकडे काही नाही.”

रेणुकाने तिथल्या तिथे मोबाइल काढला, सासूच्या गळ्यातली माळ एका हाताने उचलून बाजूला धरली आणि दुसऱ्या हाताने फोटो काढला. जरा हललेला होता. तोच चालवायचा ठरला. बाटल्यांवरची जुनी लेबलं काढून नवी लावायची, स्टॉल राहणार, नोटीस मागे. बाहेर पायरीवर रेणुका माझ्याशी पहिल्यांदा मोकळं बोलली. “खरं बोलून बी मिटतं म्हणायचं,” ती म्हणाली. यल्लव्वाने आम्हा दोघींना रसवंतीवर नेलं आणि उसाच्या रसाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. मी घरी येताना इतकी खुशीत होते की सगळ्या प्रवासात माझं प्रकरण मनात लिहून झालं. त्याचा शेवटही मला सापडला होता. त्या वेळी मला वाटलं होतं, की हाच शेवट.

दिवाळीच्या प्रदर्शनाला मी पहिल्याच दिवशी गेले. पुण्यातलं मोठं मैदान, मांडव, गर्दी, मसाले, गोधड्या, घोंगड्या. स्टॉल मला लांबून दिसला. बाटल्यांच्या रांगा, प्रत्येकीवर यल्लव्वा खदाखदा हसत असलेली. आणि बाटल्यांच्या मागे खुर्चीवर खुद्द यल्लव्वा. रेणुकाची कल्पना होती. लेबलावरची बाई समोर दिसली की गिऱ्हाइकाला भरवसा वाटेल.

जरा वेळात चष्म्याच्या, झोळीवाल्या एक बाई आल्या. बाटली उचलली. “किती गोड फोटो आहे हो. कोण ह्या?”

“आमच्या सासूबाई. ह्या काय बसल्यात. तेल त्यांच्याच हातचं हाय,” रेणुका म्हणाली.

बाईंनी बाटलीकडे बघितलं, यल्लव्वाकडे बघितलं. यल्लव्वा त्यांच्याकडे बघत होती. माझ्या पिवळ्या डब्यावरून बघावी तशी, पापणीही न हलवता.

“ह्या नाहीत काही,” बाई म्हणाल्या.

“ह्याच की.”

“मग आजी, जरा हसून दाखवा बघू.”

यल्लव्वाचे ओठ ताणले गेले. काळे दात दिसले. डोळे तसेच राहिले. बाईंनी “असू दे, असू दे” म्हणत बाटली जागेवर ठेवली आणि त्या पुढच्या घोंगड्यांकडे वळल्या.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. रेणुकाने सासूच्या कानात त्यांच्या भाषेत काय काय सांगितलं. मी हेरवाडकरांच्या हिरव्या मिशीची आठवण काढली. स्टॉलवर कुणी नसताना यल्लव्वा खुदकन हसायची, आणि एखादं पाऊल आमच्या दिशेने वळलं की चेहरा बंद. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. हाताने गाल चाचपून बघत होती. “इकताना येतच न्हाई गं,” ती मला म्हणाली. “मी आननारच म्हनते. न्हाई येत.”

दुपारपर्यंत एकही बाटली गेली नव्हती. रेणुका सारखी रांगा नीट करत होती, नीट असलेल्याच. शेवटी यल्लव्वाच उठली. “तू बस फुडं,” ती सुनेला म्हणाली. “तुला मी उशिरा चिमटा काडला. तुला येतंय अजून.” आणि ती स्टॉलच्या मागे, पडद्याआड, जिथे गटातल्या बाकीच्या बायका खोकी सोडत होत्या, तिथे जाऊन बसली.

रेणुका खुर्चीवर बसली. समोर एक तरुण जोडपं आलं तेव्हा तिने ओठ दाबले, मग सोडले, आणि हसली. कसंनुसं, पण हसली. “या की ताई. बघा तर.”

तेवढ्यात पडद्याआडून यल्लव्वाचं हसणं आलं. मोकळं, मोठ्याने, मध्येच धाप लागून पुन्हा सुरू होणारं. मागून बाकीच्या बायकाही हसत होत्या. त्या जोडप्यातली मुलगी बाटलीकडे बघून म्हणाली, “ह्याच ना त्या? ह्याच हसताहेत?”

“ह्याच,” रेणुका म्हणाली.

“अय्या, बघू तरी.” आणि रेणुका काही म्हणायच्या आत त्या मुलीने वाकून पडदा बाजूला केला.

हसणं थांबलं.

मुलीने पडदा सोडला. थोडी ओशाळली. बाटली घेतली, नवऱ्याने पैसे दिले, आणि दोघं गेली. रेणुकाने पैसे डब्यात टाकले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळून हसली. ह्या वेळी जरा बरं जमलं.

काही वेळाने पडद्यामागे पुन्हा सुरू झालं. आधी हळू, मग मोठ्याने. आता काय निघालं असेल, कुणाची थट्टा चालली असेल, यल्लव्वा हसताना अजून तशीच पुढे-मागे डुलत असेल का, मला फार बघावंसं वाटत होतं. पडदा माझ्या हाताशी होता. मी बाहेरच उभी राहिले.